सतरा चुका

पिक्चर संपला, पडद्यावर नावं वर सरकायला लागली, भिंतीवरचे दिवे एकेक करून लागले, आणि धम्मपाल नंदेश्वरच्या ध्यानात आलं की आज आपल्याला एकही चूक सापडलेली नाही. एकही म्हणजे एकही नाही. चांगला दोन-सव्वादोन तासांचा लढाईचा पिक्चर, त्यात बर्फ होता, बंकर होते, तोफा होत्या, घरची चिठ्ठी परत परत वाचणारा एक पोरगाही होता. चुका करायला याहून मोकळं रान कोणाला मिळणार? सुरुवातीच्या अर्ध्या तासात दोनदा त्याचा अंगठा सवयीने करंगळीच्या पेराकडे गेला, पण पेरावर टेकायच्या आधीच परत फिरला. पुढे तर अंगठ्याने नादच सोडला. आता दिवे लागल्यावर त्याला कळलं की उजव्या मुठीत काहीतरी रुतून राहिलंय. मूठ उघडून पाहिली तर पाण्याच्या बाटलीचं झाकण, आणि तळहातावर त्याचा गोल, दातेरी वळ उमटलेला. ते मुठीत कधी आलं हे त्याला आठवेना. त्याने झाकण शर्टाच्या खिशात टाकलं आणि डावीकडे पाहिलं. सुजाता, त्याची बायको, शाल घडी करून पिशवीत ठेवत होती. घडी नीट बसली तरी तिने ती मोडून पुन्हा घातली. काही विचारलं नाही. विचारायची जागा ही नव्हतीच. ती बाहेर, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यापाशी होती, आणि तिथे पोचायला फार तर पाच मिनिटं लागणार होती. पाच मिनिटांत काय सांगायचं, हे धम्मपालला ठरवायचं होतं.

या मोजणीला पाच वर्षं झाली होती. सुगत फौजेत भरती झाला तेव्हा सुजाताने दोन दिवस भांड्यांशी भांडण काढलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चिवडा करायला घेतला. पोरगा गेला. महिन्याभरात लढाईचा एक पिक्चर लागला आणि मृणालने, सुगतच्या धाकट्या बहिणीने, भाऊ आता फौजी झाला म्हणून मोठ्या हौसेने तिघांची तिकिटं काढली. अर्ध्यावर एक स्फोट झाला. पडदा नारिंगी झाला, तीन पोरं हवेत उडाली, आणि सुजाता खुर्चीतून उठली. तिला दारही दिसत नव्हतं; ती नुसती उभी राहिली, अंधारात, लोक मागून बसा बसा म्हणत होते तरी. तेव्हा धम्मपालने तिचं मनगट धरून खाली ओढलं आणि कानाशी म्हणाला, "अवं, खोटं हाय ते. पेट्रोल हाय. बाम फुटला तं अशी आग नाही निघत." ती बसली. "पेट्रोल?" "मंग. रंग पाह्य ना." आणि तिने खरंच पाहिलं. रंगाच्या बाबतीत या माणसाचा शब्द घरात शेवटचा होता. चौतीस वर्षं त्याने पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीच्या तोंडाशी उभं राहून निळ्या काचेतून आग पाहिली होती आणि पोलाद किती तापलंय ते यंत्राच्या आधी सांगितलं होतं. यंत्र मागाहून त्याच्या मताला दुजोरा द्यायचं, असं तो म्हणायचा. बरोबरचे लोक यातलं निम्मंच खरं मानायचे, पण निम्मं तरी मानायचेच.

तिथून हे लागलं मागे. लढाईचा कुठलाही पिक्चर लागो, पहिल्या रविवारी दुपारी नंदेश्वर कुटुंब जुनवानीच्या मॉलमध्ये हजर. धम्मपाल मधल्या खुर्चीत, अंगठा पेरांवर. गोळी लागलेला माणूस मागे उडून पडला, एक. स्फोटाचा उजेड आणि आवाज लांबूनही बरोबरच आला, दोन. आठ दिवस डोंगरात फिरलेल्याचे बूट चकाचक, तीन. मरताना माणूस एवढं लांबलचक बोलतो आणि तेही व्याकरणशुद्ध, चार. दबा धरून बसलेले लोक एकमेकांशी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या बाजारात भाजी घेतल्यासारखे ओरडून बोलतात, पाच. पिक्चर संपला की मॉलच्या बाहेर रस्त्याच्या कडेला गुपचूपचा ठेला, सुजाता पहिलं गुपचूप तोंडात टाकायची, डोळे मिटायची, उघडायची आणि विचारायची, "किती झाल्या?" तो आकडा सांगायचा. मग ती म्हणायची, "सांगा मंग," आणि तो एकेक चूक मीठ-मिरची लावून सांगायचा. मृणाल हसून हसून रडकुंडीला यायची. शेजारच्या गुलाबरावांनी तर त्याचं नावच इन्स्पेक्टर ठेवलं होतं. या गृहस्थाने उभ्या आयुष्यात लढाई पाहिली नाही, बंदूक पाहिली ती बँकेच्या दाराशी, आणि हा फौजेच्या पिक्चरला पास-नापास करतो, असं ते चारचौघांत म्हणायचे. धम्मपालला त्याचं काही वाटायचं नाही. कारण त्याला एक गोष्ट माहीत होती जी गुलाबरावांना माहीत नव्हती: ज्या दिवशी चुका जास्त निघायच्या, त्या रात्री सुजाता अंथरुणाला पाठ टेकताच झोपायची. चौदा चुकांचा पिक्चर असला तर सकाळी चहा करताना गुणगुणायचीसुद्धा. म्हणून नऊ सापडल्या तर तो बारा सांगायचा. रविवारी सकाळी विहारात वंदना घेताना खोटं न बोलण्याचं चौथं शील त्याच्या तोंडून जरा भरभर निघायचं एवढंच. खोट्याला खोटं ठरवायला थोडं खोटं बोललं तर चालत असावं, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आणि आजचा रविवार साधा नव्हता. सुगतचा फोन येऊन सोळा दिवस झाले होते. "वर जाऊन राहिलो पप्पा, आठ-दहा दिवस फोन नाही आला तं घाबरायचं नाही," असं तो म्हणाला होता. आठ झाले, दहा झाले. अकराव्या दिवसापासून घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. सुजाता मोबाइल गॅसच्या ओट्यावर ठेवून पोळ्या करायची, आंघोळीला जाताना तो मृणालच्या हातात द्यायची, आणि कोणाचाही फोन वाजला की तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. आज सकाळी पोहे वाढता वाढता तीच म्हणाली, "नवा पिच्चर लागला म्हने फौजेचा. चला." तिला पिक्चर आवडत नाहीत. धम्मपालने तिच्याकडे पाहिलं, तिने पोह्यांकडे पाहिलं. पोटात दुखणारा ओवा मागतो तशी ती चुका मागत होती, आणि त्याला ते बरोबर कळलं. जाताना स्कूटरवर त्याने मनाशी ठरवलंही होतं की आज काहीही होवो, वीसच्या खाली उतरायचं नाही.

आणि नेमका आज त्याला तो पोरगा भेटला. पिक्चरमध्ये त्याला धड नावही नव्हतं. डोंगरावरच्या ठाण्यावर तिघं होते, हा त्यातला एक, बाटलीत पाणी भरत बसलेला. गोळा कुठे पडला ते दाखवलंच नाही. आधी नुसता पडदा हलला. बंकरच्या छपरावरचा बर्फ हळूच घसरला. मग आवाज आला, आणि तोही मोठा नाही, दाबलेला, जमिनीच्या आतून आल्यासारखा. आग नाही, काही नाही, धूळ. आणि धूळ बसली तेव्हा तो पोरगा तसाच बसलेला, चेहरा जरा गोंधळलेला, आणि हाताने आजूबाजूला चाचपत होता. बाकीचे दोघं त्याला धरत होते, कोट उघडत होते, आणि तो म्हणत होता, कुछ नहीं, कुछ नहीं, ढक्कन देख, ढक्कन किधर गया, पानी गिर जाएगा. संगीत नाही. आई नाही, झेंडा नाही. तो झाकण शोधत राहिला, आणि मग कॅमेऱ्याने तोंड फिरवून समोरचा डोंगर दाखवला, बराच वेळ, कोणाचं काही ऐकू न येता. धम्मपालच्या अंगावर काटा आला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. त्याच्या पायांना कळलं. थिएटरची फरशी हलली नव्हती, पण त्याच्या तळव्यांना ती हलल्यासारखी वाटली. पन्नास वर्षांपूर्वी हलली होती तशी.

साकोलीकडच्या त्या गावात त्याचा मामा फकिरा विहिरी खोदायचा. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की खडक लागायचा आणि मग सुरुंग. पंचक्रोशीत मामासारखा सुरुंग कोणी लावत नव्हतं. आठ-नऊ वर्षांचा धम्मा सुट्टीत त्याच्या मागे मागे असायचा. आधी पाय हलतात, मग कान वाजतात, मग दगड पडतात, मग पाखरं ओरडायची थांबतात, हे सगळं त्याने तिथेच शिकून घेतलं होतं. इन्स्पेक्टरची शाळा म्हणायची तर ती ही. त्या दुपारी पाच सुरुंग लावले होते आणि चारच फुटले. मामा बराच वेळ थांबला. मग उतरला. पाचवा तेव्हा फुटला. सगळ्यांना वाटलं संपलं, पण दोर हलला आणि मामा स्वतःच वर चढून आला, पांढरा फटक, धुळीने; रक्त कुठेच दिसत नव्हतं. दगडांच्या ढिगावर बसला. इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या नव्या चपला, साकोलीच्या बाजारातून आठवड्यापूर्वीच आणलेल्या, विहिरीच्या काठाशी काढून ठेवल्या होत्या. "धम्मा," तो म्हणाला, अगदी रोजच्या आवाजात, "त्या चपला उनात हायेत. सावलीत ठेव बरं. तापतीन." धम्माने चपला उचलल्या आणि तीसेक पावलांवर पळस होता तिथे नेल्या. नुसत्या टाकल्या नाहीत. मामाला चपला शेजारी शेजारी, सरळ रेषेत ठेवलेल्या आवडायच्या, म्हणून त्याने त्या सरळ केल्या, एकीवरची माती झटकली, पुन्हा सरळ केल्या. मागे वळला तर ढिगापाशी माणसांची भिंत उभी होती आणि त्याला कोणी आत जाऊ दिलं नाही. पुढे महिन्याभरात गावात गोष्ट तयार झाली. फकिराने जाताना सगळ्यांना हात जोडून जयभीम केला, बहिणीला सांभाळा म्हणाला, पाणी मागितलं, आकाशाकडे पाहिलं. लोक सांगायचे, बाया डोळे पुसायच्या, धम्माची आईही पुसायची. धम्मा गप्प राहायचा. त्याच्याशिवाय कोणालाही चपलांचं माहीत नव्हतं, आणि चपला सरळ करण्यात त्याने जो वेळ घालवला तो किती होता, हे तर त्यालाही नीट माहीत नव्हतं. पुढे प्रत्येक खोट्या स्फोटाला तो मनातून थोडा खूश व्हायचा, हे त्याला आज पहिल्यांदा लख्ख दिसलं. सुजाताला झोप लागावी म्हणून तो मोजायचा, हे खरं. पण पेट्रोलच्या आगीत मामा नव्हता, म्हणूनही मोजायचा.

"किती झाल्या?" ठेल्यापाशी सुजाताने विचारलं. पहिलं गुपचूप तिने अजून तोंडात टाकलं नव्हतं. द्रोण हातात तसाच होता.

"सतरा," धम्मपाल म्हणाला.

मृणालने भुवया वर केल्या. "सतरा? पप्पा, मुझे तो एक नहीं दिखी. क्या पिक्चर थी यार."

"तुले नाही दिसनार," तो म्हणाला. "नजर लागते त्याले."

"सांगा मंग," सुजाता म्हणाली आणि गुपचूप तोंडात टाकलं.

"आता पह्यली म्हंजे बूट," त्याने सुरुवात केली, आणि बोलता बोलता त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटेना. "इतक्या बर्फात, चिखलात फिरून राहिले, आनि बूट पाह्यले का कसे चकाचक..."

सुजाताने तोंडातलं गिळलं. "त्या पोराच्या बुटाले चिखल होता," ती म्हणाली. "डाव्या बुटाची लेस तुटली होती, त्यानं सुतळी बांधली होती. मी पाहून राहिली होती ना."

"बरं, बूट सोड. तो गोळी लागून मांगं उडाला..."

"हे तुमी मांगच्या पिच्चरचं सांगून राहिले." ती हे भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. तिने द्रोण ठेल्याच्या कडेवर ठेवला, त्यात दोन गुपचूप तशीच होती, आणि अन्न टाकून देणारी ही बाई नव्हे हे धम्मपालला पस्तीस वर्षांच्या संसारात चांगलं माहीत झालं होतं. "म्हंजे खरं होतं ते," ती म्हणाली. "तसंच रायते."

ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ निघून गेली होती. समोर रस्त्यावरून रविवारची दुपार आपली रमतगमत चालली होती, फुगेवाला, हेल्मेटमध्ये गाणं गुणगुणणारा कोणी, मॉलच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या पोरी, आणि त्या सगळ्यांत या बाईला एवढंसं काही हवं होतं तेही आपल्याला देता आलं नाही, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःचा राग आला. त्या पिक्चरवाल्यांचा तर फारच आला. इतकं खरं दाखवायचं कशाला, ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांनी कुठे जायचं?

सुजाताने पिशवीतून मोबाइल काढला. सोळा दिवसांत ती दर दहा मिनिटांनी काढायची तसाच. आणि ती हललीच नाही. मृणालने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "मम्मी, साइलेंट पे है." पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्यावर सूचना आली होती, आपला फोन बंद ठेवा म्हणून, आणि सुजाता सूचना पाळणारी बाई. पोळ्या करताना, भांडी घासताना, विहारात डोळे मिटून बसताना जो फोन तिने एका क्षणासाठी दूर ठेवला नाही, त्याचं तोंड तिने खोट्या लढाईसाठी दोन तास बंद करून पिशवीत, शालीखाली घातलं होतं. तीन फोन येऊन गेले होते. दोन दहा, दोन चौदा, दोन एकतीस. नंबर ओळखीचा नव्हता, आणि नेहमीपेक्षा लांब होता. मृणालने उलटा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाईने हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगितलं की या क्रमांकावर संपर्क होऊ शकत नाही.

"तोच असंन," धम्मपाल म्हणाला.

"त्याचा नंबर नाही हा," सुजाता म्हणाली.

ठेलेवाल्याने विचारलं, और दूँ? मृणालने मान हलवली. धम्मपालच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. तिसऱ्या की चौथ्या पिक्चरमध्ये दारात जीप येते, दोन अधिकारी उतरतात आणि टोपी काढतात. तेव्हा त्याने पेरावर अंगठा टेकवून सुजाताला ठणकावून सांगितलं होतं, असं जीप घेऊन कोणी येत नाही, ती पिक्चरची गोष्ट. तिने विचारलं होतं, मग कसं सांगतात? तो म्हणाला होता, कागद येतो. त्याला काहीच माहीत नव्हतं. कागद येतो की माणूस, की लांबलचक नंबरावरून तीनदा फोन, हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नव्हतं. दोन एकतीस. दोन एकतीसला तो पोरगा झाकण शोधत होता का? त्याने हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला. खिशातल्या झाकणाला त्याने शर्टावरून हात लावला. सुजाताने मोबाइल दोन्ही तळहातांत धरला होता, छातीशी, चिमणीचं पिल्लू धरावं तसा, आणि ती रस्त्याकडे बघत होती. आवाज अजून बंदच होता. म्हणून तिला कळलंच नाही; धम्मपालला दिसलं की तिच्या बोटांच्या फटीतून उजेड येतोय.

"अवं, आला," तो म्हणाला. "फोन आला."

तिने तो त्याच्यापुढे केला. तिला उचलवेना. त्यालाही उचलवत नव्हता, पण कोणीतरी उचलायचा होता. त्याने अंगठ्याने हिरवं बटण सरकवलं, एकदा निसटलं, पुन्हा सरकवलं.

"जय भीम पप्पा," सुगत म्हणाला. घसा बसलेला, आवाज फाटका, पण सुगतच. "कावून नाही उचलून राहिले? तीन डाव लावला. मले वाटलं तुमी सब मावशीच्या गावाले, उतईले गेले का काय."

धम्मपालने स्पीकर लावला. जय भीम म्हणायला गेला तर नुसती हवा बाहेर आली. मृणाल मध्ये घुसली. "भैया, पिक्चर देख रहे थे हम लोग. वॉर वाली. फोन साइलेंट पे था."

"घ्या," सुगत म्हणाला. "मी इकडे फोनच्या लाइनीत उभा हाव, आनि तुमी तिकडे लढाई पाहून राहिले." तो हसला, हसताना खोकला. "कालच खाली आलो. सायबाच्या फोनवरून लावून राहिलो, मांगं बारा जन हायेत, लवकर बोला. पप्पा, किती निघाल्या?"

मृणालने धम्मपालकडे पाहिलं.

"एकबी नाही बाबू," धम्मपाल म्हणाला. बोलताना त्याने सुजाताकडे पाहिलं. "सापडलीच नाही."

"एकबी नाही? तुमाले?"

"नाही."

"असं कसं." सुगतने विचार केल्यासारखं केलं. "कांदे होते का?"

"काय होते?"

"कांदे, कांदे. कोनी कांदे सोलून राहिला होता का पिच्चरमंधी?"

"नाही," धम्मपाल म्हणाला.

"मंग झाली ना चूक. पप्पा, पंधरा दिवस वर होतो, त्यातले बारा दिवस म्या कांदे सोलले. वर कांदा गोट्यासारखा होते, सोलल्या जात नाही, हातोडीनं फोडा लागते. अंडंबी तसंच. दुसरं काहीच नाही. काहीच नाही झालं पप्पा. लुडो खेळलो. आमच्या नायकसायबाची दाढ दुखली तं सारं ठानं तीन दिवस त्याच्या दाढेचंच बोलून राहिलं. दुखली का कोनाची दाढ तुमच्या पिच्चरमंधी?"

"नाही दुखली बापा."

"दोन झाल्या."

मग सुजाताने फोन ओढून घेतला, स्पीकर लागलेला असताना कानाला लावला, आणि पोराचा घसा कशाने बसला, गरम पाणी मिळतं की नाही, हळद आहे का, नायकसाहेबाने दाढेत लवंग धरली का, हे सगळं एका दमात विचारलं. तो हो हो म्हणत राहिला. पुढच्या रविवारी स्वतःच्या फोनवरून लावतो म्हणाला. मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, तो जय भीम मम्मी म्हणाला, आणि फोन तुटला. सुजाताने फोन खाली घेतला, त्याचा आवाज चालू केला, पुरता वर नेला, आणि पिशवीत न ठेवता हातातच ठेवला. मग तिने ठेल्याच्या कडेवरचा द्रोण उचलला, राहिलेली दोन गुपचूप एकामागून एक खाल्ली, आणि ठेलेवाल्याला म्हणाली, "भैया, एक प्लेट और. तीखा बढ़ाके."

जीव भांड्यात पडतो म्हणतात. धम्मपालचा पडला आणि तिथेच जरा डुलत राहिला. त्याला उन्हाची ऊब कळली, जी मघापासून होतीच. पुदिन्याचा वास आला. फुगेवाल्याकडे एक हिरवा फुगा सगळ्यांपेक्षा मोठा आहे हे दिसलं. तो मॉलच्या कठड्याला टेकला आणि हसायला लागला. बारा दिवस कांदे. या पाच वर्षांत आग मोजली, बूट मोजले, गोळ्या मोजल्या, आणि एवढी ढळढळीत चूक आपल्या नजरेतून सुटली. सगळे पिक्चरवाले एकच दिवस दाखवतात, ज्या दिवशी झालं तो. ज्या दिवशी काही झालं नाही ते दिवस कोणी दाखवत नाही, कोण तिकीट काढणार त्यांचं? ते दिवस किती असतात. सुगतच्या पाच वर्षांतले सगळेच दिवस तसे होते, थंडीचे, कांद्यांचे, दाढदुखीचे, आणि आई-बाप इकडे दर नव्या पिक्चरला तो एक दिवस बघायला तिकीट काढून जात होते. आजच्या पिक्चरने तो एक दिवस अगदी खरा दाखवला, हे त्याने मनोमन मान्य केलं. तो दिवस असतो. पण तो आज नव्हता. आज सुगत लाइनीत उभा होता आणि त्याच्या मागे बारा जण होते.

मृणालला मैत्रिणीकडे जायचं होतं. ती आपली स्कूटी काढून गेली. धम्मपाल आणि सुजाता घरी, हुडकोकडे निघाले. रेल्वेलाइन ओलांडली आणि सेक्टरचे रुंद, झाडांचे रस्ते लागले, तशी त्याने स्कूटर हळू केली. चार-सव्वाचार झाले असतील. रस्त्यावर सावल्या आडव्या पडल्या होत्या, एक ऊन, एक सावली, एक ऊन. मागे सुजाता काहीतरी गुणगुणत होती. चौदा चुकांचा पिक्चर असला तर गुणगुणते तशी, आणि आज तर दोनच निघाल्या होत्या. एका मोठ्या झाडाखाली त्याने स्कूटर थांबवली.

"काय झालं?" ती म्हणाली. "पेट्रोल सरलं?"

"नाही. तुले एक सांगायचं होतं." तो समोरच पाहत राहिला, हँडल धरून बोलणं सोपं जात होतं. "फकिरामामाचं." आणि त्याने सांगितलं. पाच सुरुंग, चार फुटले. दोर हलला. मामा वर आला. लोक जे जयभीमचं आणि आकाशाचं सांगतात ते काही झालं नव्हतं, हे सांगितलं. चपलांचं सांगितलं, पळसाचं सांगितलं. चपला सरळ करत बसलो ते सांगताना त्याचा आवाज बारीक झाला, नऊ वर्षांच्या पोराचा असतो तितका. "म्या दोनदा सरळ केल्या वं. लगेच पळत आलो असतो तं..." पुढचं वाक्य पन्नास वर्षं पुरं झालं नव्हतं, आजही झालं नाही.

सुजाता स्कूटरवरून उतरली नाही. एक सायकलवाला टिफिन हलवत गेला, प्लांटच्या पहिल्या पाळीहून उशिरा निघालेला असावा किंवा नुसताच फिरायला.

"चपलांचं काय झालं मंग?" तिने विचारलं.

"तिथंच होत्या. संध्याकाळी मायनं आनल्या घरी."

"तापल्या होत्या?"

तो आठवायला लागला. आईच्या हातातल्या चपला, त्याने ओसरीवर बसून त्यांना हात लावला होता, हो, लावला होता. "नाही," तो म्हणाला. "थंड्या होत्या."

"झालं तं मंग," सुजाता म्हणाली. "त्यायनं जे सांगतलं ते तुमी केलं."

त्याने मान हलवली, पुन्हा हलवली. डोळे पुसायला हात वर नेला, तर मागून तिचा हात त्याच्या आधी पुढे आला आणि थेट त्याच्या शर्टाच्या खिशात शिरला. तिने झाकण बाहेर काढलं. "मी तवापासून पाहून राहिली," ती म्हणाली, "पिशवी खालून ओली कावून लागून राहिली म्हनून." पिशवीतून तिने अर्धी रिकामी झालेली बाटली काढली, तिला झाकण लावलं, घट्ट पिळलं आणि उलटी करून पाहिलं. एक थेंब पडला नाही. मग धम्मपालने स्कूटर चालू केली.